लंडनमधली निवांत इटालियन हॉटेलं आणि आपली घरची माणसं: काय मागवावं, काय विचारावं

थेम्सकाठची

उन्हाळा लागला की लंडनमधल्या बऱ्याच मराठी घरांत आईबाबा नाहीतर सासूसासरे मुक्कामाला येतात. म्युझियमं बघून होतात, वेंब्लीत डोसा खाऊन होतो, आणि मग "इथलं म्हणून काहीतरी खाऊया" असं कुणीतरी म्हणतं. अशा वेळी मी त्यांना छोट्या, नव्या धाटणीच्या इटालियन हॉटेलात नेते. पिझ्झाच्या साखळ्यांत नाही, आणि जिथे वेटरशी बोलतानाही दडपण येतं अशा भारी ठिकाणीही नाही. लाकडी टेबलं, एका पानाचा मेन्यू, समोर उघडं स्वयंपाकघर आणि घाई न करणारी माणसं, अशी जी हॉटेलं आहेत त्यांच्याबद्दल हा धागा आहे. तुमचेही अनुभव लिहा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या कामी येतील.

या हॉटेलांची पाळंमुळं हॅमरस्मिथला सापडतात. रूथ रॉजर्स आणि रोझ ग्रे या दोघींनी १९८७ साली थेम्सच्या काठी रिव्हर कॅफे सुरू केलं. शेजारीच रूथ यांचे पती, वास्तुविशारद रिचर्ड रॉजर्स यांचं ऑफिस होतं, आणि सुरुवातीला हे त्या ऑफिसातल्या लोकांचं कँटीनच होतं. या दोघींनी इटलीतल्या घरांत शिजतं तसं जेवण आणलं: त्या दिवशी बाजारात जे चांगलं मिळालं ते, मोजके जिन्नस, उत्तम ऑलिव्ह ऑइल. रोझ ग्रे २०१० साली गेल्या. रिव्हर कॅफे आज चांगलंच महाग आहे, पण तिथे शिकलेली माणसं गावभर पसरली. जेमी ऑलिव्हर त्यांतलाच. त्याच्या फिफ्टीन नावाच्या हॉटेलात तयार झालेल्या टिम सियादातानने जॉर्डन फ्रीडाबरोबर २०१० मध्ये हायबरीजवळ ट्रुलो काढलं आणि २०१६ मध्ये बरो मार्केटपाशी पादेला. पादेलाने हाताने वळलेला ताजा पास्ता सामान्य माणसाला परवडेल अशा दरात द्यायला सुरुवात केली आणि बाहेर रांगा लागल्या. त्यानंतर ही वाट मळली, आणि आता लंडनच्या बहुतेक भागांत असं एखादं ठिकाण सापडतंच.

आपल्या माणसांना ही हॉटेलं का आवडतात, ते मी टेबलावर बसून पाहिलेलं आहे. एक तर सगळं डोळ्यांसमोर शिजतं. काउंटरजवळ जागा मिळाली तर ती जरूर घ्या. काचो ए पेपे (चीज आणि मिरीचा रोमचा पास्ता) करताना बघण्यासारखं असतं. उकळत्या पाण्यातून पास्ता चिमट्याने थेट पॅनमध्ये येतो, त्यावर त्याच पिठूळ पाण्याचा एक डाव पडतो, भरड कुटलेली मिरी पडते. मग पॅन आचेवरून बाजूला. त्यानंतरच किसलेलं चीज, आणि मनगटाच्या झटक्याने सगळं वर-खाली. अर्ध्या मिनिटात पाणी आणि चीज वेगळं दिसेनासं होतं, आणि प्रत्येक तंतूवर तुकतुकीत रस चढतो. क्रीम नाही, मैदा नाही. लंडनमध्ये बरेच जण थोडं लोणी घालतात, रोममध्ये घालत नाहीत. माझ्या सासूबाई ते इतकं मन लावून बघत होत्या की रांधणाऱ्या मुलाने दुसरा पॅन मुद्दाम त्यांच्या बाजूला आणून परतला.

दुसरं, पदार्थ वाटून खाता येतात. चौघांत मी सुरुवातीला फोकाचा (ऑलिव्ह ऑइलचा जाड पाव) आणि भाज्यांच्या दोन बशा मागवते, मग तीन पास्ते मधोमध, बरोबर घेवड्याच्या दाण्यांची किंवा पालेभाजीची एक बशी. मांसाचा मोठा पदार्थ नसला तरी चालतं, कुणी भुवया उंचावत नाही. "एकदम सगळं आणू नका, थोडं थोडं आणा" एवढं सांगितलं की दीड-दोन तास गप्पा मारत बसता येतं.

मेन्यू लांबलचक असेल तर मी परत फिरते. सहा-सात पास्ते आणि चार भाज्या एवढंच लिहिलेलं असेल तर ते ताजं असण्याची शक्यता जास्त. तुम्ही काय बघता?

हॅरोकर

छान धागा. मेन्यूच्या लांबीबद्दल पूर्ण सहमत. माझी अजून एक खूण म्हणजे टोमॅटो. जानेवारीत टोमॅटो आणि बुराता या मऊ चीजची बशी मेन्यूवर असेल तर स्वयंपाकघर ऋतूकडे बघत नाही, असं मी धरतो. हिवाळ्यात कडवट पालेभाज्या, भोपळा, रक्तवर्णी संत्री दिसली पाहिजेत.

आमच्या वडिलांची एकच तक्रार असते: पास्ता कच्चा आहे. त्यावर काय करता?

थेम्सकाठची

@हॅरोकर, सुका पास्ता मधोमध किंचित कडक ठेवायची रीतच आहे, त्यामुळे ज्येष्ठांना तो कच्चा वाटतो. दातांची कवळी असेल तर त्रासही होतो. मी त्यांच्यासाठी ताज्या पास्त्याचा प्रकार निवडते. तो दोन-तीन मिनिटांत शिजतो आणि मऊच असतो. रिकोटा भरलेली रॅव्हिओली, बटाट्याची न्योकी किंवा मक्याच्या पिठाचा मऊ पोलेंटा असेल तर प्रश्नच मिटतो. वेटरला "थोडा जास्त शिजवा" म्हणायलाही हरकत नाही. आपल्या वडिलांना जेवण चावता आलं पाहिजे, बाकीचं नंतर.

शुद्धशाकाहारी

ताई, धागा आवडला पण एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली आणि ती लिहिणं मला भाग आहे. चीज.

पार्मिजानो रेज्जानोच्या नियमांत तीनच गोष्टी बसतात: दूध, मीठ आणि वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट, म्हणजे दुधाचं चीज व्हायला लागणारं विरजण. काचो ए पेपेत पडणाऱ्या पेकोरिनो रोमानोला कोकराचं रेनेट लागतं. ग्राना पादानो, गोर्गोन्झोला यांतही प्राण्याचंच. म्हणजे वर ज्या काचो ए पेपेचं इतकं प्रेमाने वर्णन केलंय, ते पारंपरिक पद्धतीने केलं तर आमच्यासारख्यांना चालत नाही. आपल्याकडे अमूलसारख्या कंपन्या सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो, त्यामुळे भारतातून आलेल्या माणसाच्या हे मनातही येत नाही.

माझ्या आईला एका हॉटेलात (नाव लिहीत नाही) मेन्यूवर इंग्रजी व्ही (म्हणजे शाकाहारी) असलेला पास्ता दिला. तिने अर्धा खाल्ल्यावर मी सहज विचारलं तर चीज खरं पार्मिजानो निघालं. आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने उपास केला. मला ते अजून लागून राहिलंय.

थेम्सकाठची

@शुद्धशाकाहारी, हे इथे आलं ते फार बरं झालं, मनापासून आभार. तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे रेनेटचं पाळत नाहीत, पण ज्यांच्याकडे पाळतात त्यांना बसण्याआधी हे कळायलाच हवं.

मीठमिरी

मी लंडनमध्येच एका इटालियन स्वयंपाकघरात काम करते, म्हणून थोडं आतलं सांगते.

ब्रिटनमध्ये हॉटेलांना १४ ॲलर्जींची माहिती द्यावीच लागते. त्यांत अंडं आहे, दूध आहे, मासे आहेत, सेलरी आहे. त्यामुळे ॲलर्जीचा तक्ता मागितलात तर अंडं कशात आहे आणि सॉसमध्ये अँचोव्ही (खारवलेली छोटी मासळी) कुठे लपलीये हे लगेच कळतं. पण रेनेट हे ॲलर्जीत मोडत नाही. ते तक्त्यात दिसणार नाही. ते तोंडानेच विचारावं लागतं, आणि "व्हेजिटेरियन आहे का?" असं विचारून भागत नाही, कारण बरेच वेटर त्याचा अर्थ "मांस नाही ना" एवढाच घेतात. "या चीजमध्ये प्राण्याचं रेनेट आहे का, कृपया आत विचारून या" असं सांगा. आम्हाला त्याचा राग येत नाही. उलट टेबल घेतानाच कळवलंत तर आम्ही चीज न घालता आधीपासून तयारी ठेवतो.

चीजशिवाय कोरडं लागेल अशी भीती नको. दक्षिण इटलीत चीज परवडत नसे तेव्हा शिळ्या पावाचा चुरा ऑलिव्ह ऑइलमध्ये लसूण घालून खरपूस परतत आणि पास्त्यावर भुरभुरत. पांग्रात्तातो म्हणतात त्याला. आमच्याकडे तो कायम तयार असतो. चीजऐवजी तो मागा, कुरकुरीतपणा येतो आणि चवही.

अंड्याबद्दल: उत्तर इटलीच्या एमिलिया भागातल्या तालियातेल्ले, तोर्तेल्लिनी या पास्त्यांत अंडं असतंच. पण सिएना भागातली पिची पीठ-पाण्याची असते, क्वचित कुणी अंडं घालतं. पुल्यामधली ओरेक्किएत्ते रवा आणि पाण्याची. सुक्या पास्त्यातही सहसा अंडं नसतं.

आणखी काही जागा जिथे फसायला होतं:
मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सूपमध्ये पॅन्चेटा, म्हणजे डुकराचं मांस, असू शकतो. रिसोत्तोचा स्टॉक कोंबडीचा असू शकतो. पाना कोता या गोड पदार्थात प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं. पुत्तानेस्का सॉसमध्ये अँचोव्ही. तिरामिसूत कच्चं अंडं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी दारूही.

रानजाई

@मीठमिरी, तुमचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. खूप उपयोगी.

पदार्थांत माझी भर: फारिनाता दिसली तर सोडू नका. लिगुरिया प्रांतातला हा पदार्थ म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह ऑइल, मोठ्या तांब्याच्या ताटात भट्टीत भाजलेलं. आपल्या बेसनाच्या पोळ्याचा सख्खा भाऊच. माझ्या आईने पहिला तुकडा खाल्ला आणि "यात ओवा हवा होता" म्हणाली, तेव्हाच मला कळलं की आता ही नीट जेवणार. सिसिलीचा पानेल्ले हाही हरभऱ्याच्याच पिठाचा, पण तळलेला. आणि कापोनाता. वांगं, सेलरी, केपर्स, ऑलिव्ह, व्हिनेगर आणि साखर. आंबट-गोड चव आपल्या माणसांना लगेच आवडते. यांतल्या कशातच चीज लागत नाही.

कोपाकर

तुम्ही सगळे लंडनचं लिहिताय, पण रेनेटचा प्रश्न पुण्यात वेगळ्या पद्धतीने सुटलेला आहे ते सांगावंसं वाटलं. कोरेगाव पार्कात ओशो आश्रमामुळे सत्तरीच्या दशकापासून युरोपीय माणसांची वर्दळ, त्यांत इटालियनही पुष्कळ. त्यातून या भागात इटालियन जेवणाची गोडी रुजली. एका इटालियन माणसाने सुरू केलेलं दारिओज तर पूर्ण शाकाहारी. तिथे झाडाखाली बसून आजोबा-नातू एकाच ताटातला पिझ्झा खाताना मी बघितलेत, आणि कुणालाच काही विचारावं लागत नाही. पुण्याच्या माणसाला म्हणून लंडनमध्ये इतकी चौकशी करणं अवघड जातं.

बाकी मला स्वतःला लंडनपेक्षा हेच आवडतं, पण ते गावाचं प्रेम आहे.

बोलोन्याकर

उशिरा आलो. मी बोलोन्यात राहतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं थोडं.

इथे पदार्थ मधोमध ठेवून वाटून खायची पद्धत घराबाहेर तशी कमी. आंतिपास्तो (सुरुवातीचे छोटे पदार्थ) वाटतात, पण पास्ता ज्याचा त्याचा. थेम्सकाठची म्हणतात तसे तीन पास्ते चौघांत मागवलेत तर कुणी हाकलणार नाही, पण ती लंडनची रीत आहे. इथे पास्ता पहिला, मग मांस किंवा मासे, आणि त्यासोबत भाजी, अशी उतरंड. दोन्ही घ्यायलाच हवेत असं नाही. मी कित्येकदा एक पास्ता आणि एक भाजी एवढ्यावर उठतो.

बोलोन्यातली माणसं जेवणाबाबत किती गंभीर आहेत याचं उदाहरण: तालियातेल्लेची रुंदी शिजल्यावर ८ मिलिमीटर असावी, हे १९७२ साली इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवलेलं आहे, सोन्याच्या नमुन्यासह. रागूची (मांसाच्या सॉसची) कृती १९८२ मध्ये नोंदवली आणि २०२३ मध्ये तिच्यात सुधारणा करून पुन्हा नोंदवली. त्या नव्या नोंदीने काही जिन्नस बदलायची मुभा दिली. मला ते आवडलं. परंपरा सांभाळणारे लोकच बदलाला जागा करून देताहेत.

लंडनला जो निवांत, नवा प्रकार म्हणताय तो इटलीतही जोरात आहे. तरुण शेफ मोठमोठ्या हॉटेलांत शिकतात आणि मग स्वतःची साधी त्रातोरिया (खानावळ) काढतात. मिलानमध्ये दिएगो रोस्सीचं त्रिप्पा हे त्यातलं गाजलेलं. नावाप्रमाणे तिथे आतड्या-कोथळ्याचे पदार्थ आहेत, शाकाहारींनी बघून जावं. या सगळ्यामागे स्लो फूड चळवळीचं मोठं ऋण आहे. १९८६ मध्ये रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स येणार म्हणून कार्लो पेत्रिनी आणि मंडळींनी विरोध केला, आणि तिथून गावठी धान्यं, जुनी चीजं, छोट्या खानावळी यांना पुन्हा मान मिळायला लागला.

अदितीचीआई

वाचतेय. लहान मुलांना घेऊन जाता येतं का अशा ठिकाणी? आमची तीन वर्षांची आहे.

थेम्सकाठची

@अदितीचीआई, खुशाल न्या. संध्याकाळी सहाला दार उघडतं तेव्हाच जा. स्वयंपाकघरावर ताण नसतो, आवाजही कमी. मेन्यूवर नसला तरी लोणी घातलेला किंवा नुसत्या टोमॅटोचा पास्ता विचारलात तर सहसा करून देतात. काउंटरच्या उंच खुर्च्या मात्र टाळा, टेबलच मागा. आजी-आजोबांसाठीही हीच वेळ उत्तम, कारण रात्री साडेआठला या हॉटेलांत इतका गलका असतो की त्यांना समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ही एक गोष्ट मला या हॉटेलांची खरंच खटकते. उघड्या विटांच्या भिंती, लाकडी फरशी, छताला काही नाही, सगळा आवाज घुमतो.

हॅरोकर

@बोलोन्याकर, काचो ए पेपे घरी करताना चीजचे गोळे होतात. बायको म्हणते हॉटेलात काहीतरी घालतात. खरं काय?

बोलोन्याकर

काही घालावं लागत नाही, उष्णता सांभाळावी लागते. चीज फार तापलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळे होतात. पाण्यातला स्टार्च ते थोपवतो, पण घरच्या भरपूर पाण्यात स्टार्च पातळ असतो. हॉटेलात त्याच पाण्यात रात्रभर पास्ता शिजत असल्याने ते दाट झालेलं असतं. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने यावर चक्क शोधनिबंध लिहिला आणि २०२५ चा भौतिकशास्त्राचा इग नोबेल (गमतीशीर संशोधनाला देतात तो पुरस्कार) मिळवला. त्यांचा निष्कर्ष असा की चीजच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्टार्च असेल तर रस फुटत नाही. घरी करायचं तर थोड्याशा पाण्यात चमचाभर कॉर्नफ्लॉवर शिजवून घ्या, कोमट झाल्यावर त्यात चीज घोटा, आणि मग पास्त्यात मिसळा. गॅस बंद करून.

मीठमिरी

+१. आणि मिरी आधी कोरडीच भाजा.

सातारकर

बिलाबद्दल कुणीच लिहिलं नाही. लंडनमध्ये १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असतो. बाबांनी बिल बघितलं आणि म्हणाले, न विचारता कसा लावला? मलाही नीट सांगता आलं नाही. द्यावा की नाही?

मीठमिरी

बिलावर तो ऐच्छिक लिहिलेला असेल तर काढायला सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि सेवा वाईट असेल तर जरूर सांगा. पण एक माहिती बाबांना द्या: १ ऑक्टोबर २०२४ पासून इथे कायदाच आहे की टिप आणि सर्व्हिस चार्जची सगळी रक्कम कामगारांतच वाटली पाहिजे, मालकाला त्यातून काही ठेवता येत नाही. आमच्यासारख्यांच्या घरभाड्यात त्या पैशाचा वाटा असतो. वर वेगळी टिप ठेवायची मात्र काहीच गरज नाही.

बोलोन्याकर

इटलीत येणार असाल तर लक्षात ठेवा, इथे माणशी कोपेर्तो लागतो, टेबलावर बसण्याचे आणि पावाचे दोन-तीन युरो. टिपची अपेक्षा नसते.

रानजाई

एक वादाचा मुद्दा टाकते. तिखट मागावं की नाही? आमच्याकडे दर वेळी कुणीतरी चिली फ्लेक्स मागतं आणि माझा नवरा संकोचाने टेबलाखाली बघतो.

हॅरोकर

मागू नये असं माझं मत. एक दिवस त्यांच्या चवीने खावं.

कोपाकर

का मागू नये? जेवायला गेलोय, परीक्षेला नाही.

थेम्सकाठची

मी मागते. काल्याब्रियात मिरची रोजच्या जेवणात आहे, अराब्बियाता सॉस तिखटच असतो, आणि बहुतेक स्वयंपाकघरांत मिरचीचं तेल असतंच. फक्त आधी एक घास तसाच खायचा, एवढा आग्रह मी घरच्यांना करते. बऱ्याचदा दुसऱ्या घासापर्यंत मिरचीचं नाव विसरलेलं असतं. सासूबाईंनी मात्र दोन्ही वेळा तेल मागून घेतलं आणि पास्ता आनंदाने संपवला, मग अजून काय हवं?

@शुद्धशाकाहारी, आई अजून इथे असतील तर येत्या आठवड्यात माझ्याबरोबर चला. आमच्या जवळच्या ठिकाणी मी काल फोन करून विचारलं. फारिनाता रोज असते, ओरेक्किएत्ते ब्रोकोलीबरोबर लसूण-मिरचीची करतात. ती अँचोव्ही न घालता, चीजऐवजी पांग्रात्तातो घालून, वेगळ्या पॅनमध्ये करून देऊ म्हणाले. फोकाचात फक्त ऑलिव्ह ऑइल आहे.

शुद्धशाकाहारी

ताई, आई २० तारखेपर्यंत आहे. तिला वाचून दाखवलं. गोडाचं काय, असं विचारते आहे.

थेम्सकाठची

लिंबाचं सॉर्बे आहे. दूध नाही, अंडं नाही, जिलेटिन नाही, तेही विचारून ठेवलंय. गुरुवारी सहाला चालेल का? टेबल खिडकीजवळचं सांगते.